चार दशांश सेकंदांचा हिशेब

स्मरणिकेच्या संपादकांचा दूरध्वनी आला तेव्हा त्यांनी प्रेमळ दम भरला : "यंदा लसीकरण, ताप आणि जुलाब सोडून काहीही लिहा." बालरोगतज्ज्ञाकडून हे तीन विषय काढून घेतले, की त्याच्यापाशी सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. जे उरले ते सांगण्याजोगे आहे की लपवण्याजोगे, याविषयी माझ्या मनात अजून संभ्रम आहे. तरीही हा कबुलीजबाब आपल्या मंडळातील वैद्यकबंधू-भगिनींसमोर ठेवतो. २०२३ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मी सहा महिने दोन मोटारींची तुलना करण्यात घालवले. दोन्ही जर्मन घराण्यातल्या, दोन्ही छत उघडणाऱ्या आणि दोन्ही अवघ्या दोन आसनांच्या. एक बीएमडब्ल्यूची झेड-फोर एम-४०-आय, दुसरी पोर्शेची ७१८ बॉक्स्टर. आमच्या सौ. पॅथॉलॉजिस्ट आहेत. त्या या उद्योगाला "तुमचे दुसरे एम.डी." म्हणत.

या वेडाचे मूळ शोधायचे तर आपल्या इंदुरातच शोधावे लागेल. माझे वडील कापडगिरणीत कारकून होते. त्यांची सायकल होती, पुढे लुना आली आणि वाहनविषयक महत्त्वाकांक्षा तिथेच थांबली. आजोबा मात्र होळकरांच्या मोटारींच्या गोष्टी सांगत. महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एक सुपरचार्ज्ड गाडी घेतली. तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी घडवला होता. उघडी, दोन माणसांची, केशरी आणि काळ्या रंगांची. तिच्या इंजिनाची शक्ती कंपनी ३२० अश्वशक्ती सांगे, त्या काळी हा आकडा अविश्वसनीय होता. आज ती गाडी 'महाराजा ऑफ इंदूर' या नावाने जगभरच्या शौकिनांना ठाऊक आहे. मी ज्या रुग्णालयात प्रशिक्षण घेतले, त्या एम.वाय. रुग्णालयाला नावही याच महाराजांचे. रात्रपाळी संपवून सायकलने घरी जाताना मला ते नाव वाचून रुग्णालयाआधी ती गाडीच आठवत असे. हा दोष माझा, महाराजांचा नव्हे.

असो. रुग्ण समोर आला की आधी कुलवृत्तांत विचारावा, ही आपली शिस्त. झेड-फोरची पूर्वज झेड-थ्री १९९५ साली आली आणि त्याच वर्षी जेम्स बाँडच्या 'गोल्डनआय' चित्रपटात दिसली. २००२ साली पहिली झेड-फोर, २००९ साली दुसरी. त्या दुसरीला घडी होणारे धातूचे छत होते. २०१८ साली सादर झालेल्या तिसऱ्या पिढीत कंपनी पुन्हा कापडी छताकडे वळली, कारण ते हलके असते आणि कमी जागा व्यापते. ही गाडी नावाने म्युनिकची असली, तरी जन्माने ऑस्ट्रियातल्या ग्राझची. तेथील माग्ना श्टायर या कारखान्यात ती टोयोटाच्या सुप्राबरोबर एकाच पाळण्यात वाढली.

बॉक्स्टरचे घराणे अधिक नाट्यमय आहे. १९९३ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात तिचा नमुना मांडला गेला, तेव्हा पोर्शे कंपनी आर्थिक अतिदक्षता विभागात होती. १९९६ साली प्रत्यक्ष गाडी बाजारात आली आणि रोगी उठून बसला. 'बॉक्सर' हा इंजिनाचा प्रकार आणि 'रोडस्टर' हा गाडीचा, या दोहोंच्या संधीतून तिचे नाव तयार झाले. २०१६ साली तिच्या नावाआधी ७१८ हा आकडा लागला. तो १९५०च्या दशकातील पोर्शेच्या शर्यतीच्या गाडीचा. त्याच वेळी नेहमीच्या बॉक्स्टरमधील सहा सिलिंडर जाऊन चार आले. या शस्त्रक्रियेबद्दल जुने भक्त अजून डोळे पुसतात.

यानंतर प्रत्यक्ष तपासणी. नवजात बालकाला आपण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला अपगार गुण देतो. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ विदुषीने १९५२ साली दिलेली ही साधी देणगी आहे : वर्ण, नाडी, प्रतिक्षेप, स्नायूंचा ताण आणि श्वसन, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. आयुष्यभर हेच केले असल्याने मोटारींनाही मी तीच पट्टी लावली.

प्रथम वर्ण. झेड-फोरचे नाक लांब, पुढची जाळी ऐसपैस. चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो. दिसायला रुबाबदार, पण थोडी "मी आले आहे" असे सांगणारी. बॉक्स्टर बुटकी आणि समतोल. पुढून पाहा वा मागून, कुठे काही चिकटवल्यासारखे वाटत नाही. झेड-फोरला एक गुण, बॉक्स्टरला दोन.

दुसरी नाडी, म्हणजे इंजिन. झेड-फोरमध्ये तीन लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले टर्बो इंजिन : ३४० अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर. सहा दट्टे अशा क्रमाने वरखाली होतात, की त्यांचे धक्के परस्परांना जवळजवळ पूर्ण नाहीसे करतात. म्हणून हे इंजिन धडधडत नाही, गुणगुणते. शांत झोपलेल्या निरोगी मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर जो नियमितपणा ऐकू येतो, तसा. बॉक्स्टरमध्ये दोन लिटरचे, समोरासमोर आडवे चार सिलिंडर : ३०० अश्वशक्ती, ३८० न्यूटन-मीटर. इंजिन आडवे असल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो. पण हळू चालताना तिच्या आवाजाला थोडी घरघर आहे. बापाला चालेल, बालरोगतज्ज्ञाला नाही. इथे झेड-फोरला दोन, बॉक्स्टरला एक. जाता जाता एक गंमत. बॉक्स्टरचे इंजिन आसनांच्या पाठीमागे असे दडवले आहे की मालकाला ते दिसतही नाही. मागच्या डिकीत फक्त तेल आणि पाणी घालण्याची तोंडे असतात.

तिसरा प्रतिक्षेप. यासाठी गाडी चालवावीच लागते. झेड-फोर दोन दिवसांसाठी इंदुरात आली होती. रविवारी पहाटे विक्रेत्याच्या तरुण प्रतिनिधीला शेजारी बसवून मी महूमार्गे जाम गेटपर्यंत गेलो. सरळ रस्त्यावर ती विलक्षण, पण घाटाच्या वळणावर सुकाणू हातांना काही सांगत नाही. पुढचे चाक कुठे आहे हे ऐकीव माहितीवर समजते. बॉक्स्टर त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका लग्नाच्या निमित्ताने अहमदाबादला गेलो असता चालवली. तिथे घाट नव्हता, नुसता रिंग रोड होता, पण पहिल्याच वळणावर मला तिचे मर्म कळले. कडेवर मूल घेतलेली आई झटकन वळू शकते. तेच ओझे लांब हात करून धरले तर वळताना तोल जातो. बॉक्स्टरने आपले सर्वांत जड अवयव कडेवर, म्हणजे दोन्ही आसांच्या मधोमध घेतले आहेत. शिवाय ती झेड-फोरपेक्षा दीडशे किलोंहून अधिक हलकी आहे. दोघींच्या चाकांमधील अंतरात फरक अवघा पाच मिलिमीटरचा, आणि तरी वागणुकीत हे अंतर! बॉक्स्टरला दोन, झेड-फोरला एक.

चौथ्या आणि पाचव्या कसोटीत दोघी समसमान. सांगाड्याचा कणखरपणा दोघींत उत्तम. उलटल्यास डोके वाचावे म्हणून आसनांमागे दोघींतही पक्क्या कमानी आहेत. झेड-फोरला युरो एनकॅपच्या २०१९च्या चाचणीत पाच तारे मिळाले आहेत. श्वसन म्हणजे अर्थातच छत. झेड-फोरचे १० सेकंदांत उघडते, बॉक्स्टरचे ९, आणि दोन्ही ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात, गाडी न थांबवता. बेरीज केली तर झेड-फोर आठ, बॉक्स्टर नऊ.

थांबून ताशी १०० किलोमीटर गाठायला झेड-फोरला ४.५ सेकंद लागतात, दोन क्लचच्या गिअरपेटीसह बॉक्स्टरला ४.९. फरक चार दशांश सेकंदांचा. त्यावर मी किती रात्री खर्च केल्या, हे सौ.ना विचारा. ज्या शहरात कोणत्याही चौकात ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या रिक्षेमागे उभे राहावे लागते, तिथे हे चार दशांश कुठे खर्च करणार? आपल्या शेजारी पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा चाचणीमार्ग आहे, पण तो कारखानदारांसाठी, हौशी डॉक्टरांसाठी नव्हे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

झेड-फोर इंदुरात असताना तिच्या प्रतिनिधीने उत्साहाच्या भरात ती भर अकरा वाजता माझ्या दवाखान्यासमोर आणून उभी केली. बाहेर तीस-पस्तीस पालक मुले घेऊन बसलेले. सगळे उठून काचेपाशी आले. त्यांत एक रिक्षाचालक होते. त्यांची मुलगी दीड वर्षापूर्वी आमच्या नवजात विभागात सव्वा महिना होती. जन्मतः वजन १,२०० ग्रॅम. तिचे बिल त्यांनी हप्त्याहप्त्याने फेडले होते. शेवटचा हप्ता द्यायला आले तेव्हा पेढेही आणले होते. ते मुलीला कडेवर घेऊन गाडीभोवती एक फेरी मारून आत आले. त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता, शुद्ध कुतूहल होते.

"साहब, बहुत सुंदर गाड़ी है। पर आप तो बच्चों के डॉक्टर हैं। इसमें बच्चा कहाँ बैठेगा?"

मी हसलो आणि मुलीचे वजन घेतले. परंतु तो प्रश्न दिवसभर खोलीतून गेला नाही.

एक तर तो वैद्यकीयदृष्ट्या अचूक होता. तान्ह्या मुलाचे आसन मागच्या बाकावर, गाडीच्या मागे तोंड करून बांधावे, हे आपण रोज सांगतो. पुढे चालू एअरबॅग असेल तर तिच्यासमोर असे आसन कधीही ठेवू नये, हेही सांगतो, कारण मोठ्यांचे प्राण वाचवणारी ती पिशवी उघडण्याच्या जोरानेच तान्ह्याचा घात करू शकते. २०१९च्या मोटर वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन बंधनकारक केले, तेव्हा मी स्वतः आपल्या मंडळात त्यावर भाषण केले होते. आणि आता मी मागचा बाकच नसलेली गाडी घ्यायला निघालो होतो. माझा नातू तेव्हा सात महिन्यांचा होता.

दुसरे म्हणजे, त्या प्रश्नाच्या आत आणखी एक प्रश्न होता. तो त्यांनी विचारला नाही, मला ऐकू आला. झेड-फोरची शोरूममधील किंमत तेव्हा ८९ लाख ३० हजार होती. कर आणि विमा धरून ती कोटीच्या पलीकडे जाई, आणि बॉक्स्टर तर त्याहून बरीच महाग. हे पैसे शेवटी कोणाचे? मी रात्री दोन वाजता उठून गेलो, त्याचे ते मोल आहे हे खरे. पण ते मोल कुणीतरी हप्त्याहप्त्याने दिले आहे, हेही तितकेच खरे. मित्रांनी समजावले, "असा विचार केलास तर घरात पंखासुद्धा लावता येणार नाही." त्यांचे म्हणणे बिनतोड होते. तरी माझे समाधान झाले नाही. त्या वर्षी आम्ही नवजात विभागात सीपॅपची दोन यंत्रे अधिक घेतली. ती घ्यायची होतीच. पण तेव्हाच का घेतली, असे विचाराल तर मान्य करतो, ती माझ्या मनाला दिलेली लाच होती.

गाडीचा विचार सोडून देत आहे, असे मी एका रात्री जेवताना जाहीर केले. आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची. ती म्हणाली, "बरे झाले. उघड्यावरच बसायचे तर टांगा काय वाईट होता?" सौ. काही बोलल्या नाहीत. आईची पाने-सुपारी झाल्यावर त्या गच्चीवर आल्या.

"अहो, मला एक सांगा. तुम्ही सहा महिने सिलिंडर मोजलेत. आसने मोजलीत का?"

"दोन आहेत. तीच तर अडचण आहे."

"तीस वर्षांत आपण दोघेच असे कुठे गेलो आहोत? आपल्या गाडीत आई असतात, मुले असतात, तुमचे प्रसूतिकक्षाचे सामान असते, कुणाचे तरी रक्ताचे नमुने असतात. मला ती गाडी आवडली ती दोनच आसने आहेत म्हणून. बाळासाठी मोठी गाडी आहेच, ती कुठे जात नाही. घ्यायची नसेल तर नका घेऊ, पण त्या रिक्षावाल्यांचे नाव पुढे करू नका. त्यांनी नाही म्हटलेले नाही. त्यांनी फक्त विचारले."

पॅथॉलॉजिस्टचा अहवाल बहुधा असाच असतो : छोटा, आणि वादाला जागा न ठेवणारा.

मग पाच मिनिटांचे अपगार गुण दिले. पहिल्या मिनिटाच्या गुणांवरून बाळाचे भविष्य ठरत नाही, हे आपण पालकांना समजावतोच. बॉक्स्टरच्या देखभालीसाठी त्या काळी आम्हांला चारशे किलोमीटरवरच्या अहमदाबादवर अवलंबून राहावे लागले असते. झेड-फोरची सोय शहरातच होती. बॉक्स्टरला पुढे १५० आणि मागे १२५ लिटरच्या दोन डिक्या, पण दोन्ही खोल खड्ड्यांसारख्या. झेड-फोरची एकच, २८१ लिटरची, छत उघडले तरी तेवढीच राहणारी. तीत दोघांचे सामान आणि माझी पुनरुज्जीवनाची पेटी आडवी बसते. किमतीचे सांगितलेच. आणि मुख्य म्हणजे, बॉक्स्टर ही चालवणाऱ्याची गाडी आहे. शेजारी बसणाऱ्याला तिच्या मर्माचा पत्ता लागत नाही. झेड-फोरचे ते गुणगुणणे मात्र दोघांनाही सारखेच ऐकू येते. एकट्याने फिरायचे असते तर मी आजही बॉक्स्टरच घेतली असती. त्या वर्षी धनत्रयोदशीला झेड-फोर घरी आली.

ज्यांच्या मनात असा विचार घोळत असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द अनुभवाचे. इंदुरात छत उघडण्याजोगे दिवस तुम्हांला वाटतात त्याहून कमी आहेत. मार्च संपला की ऊन सोसवत नाही, जूनच्या मध्यापासून पाऊस. उरतात ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तेही पहाट आणि संध्याकाळ, आणि संध्याकाळी ओ.पी.डी. असते. महामार्गावर वेग वाढला की छत बंद करावे, वाऱ्याचा आवाज कानांना अपाय करण्याइतका मोठा असतो. गतिरोधक तिरके ओलांडावेत. कर्ज काढून ही वस्तू घेऊ नये. आणि रुग्णालयात ती नेऊ नये. मी नेत नाही. यात विनय किती आणि लपवाछपवी किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

एकदाच न्यावी लागली. डिसेंबरातली पहाट, जाम गेटची दरी धुक्याने भरलेली, सौ. शाल आणि कानटोपी घालून शेजारी. थर्मासमधला चहा अजून ओतलाही नव्हता तोच रुग्णालयातून फोन : चौतीस आठवड्यांची प्रसूती अचानक पुढे सरकली आहे. आम्ही वळलो. आयुष्यात एकदा त्या साडेचार सेकंदांची गरज होती, आणि महूच्या अलीकडे आमच्यापुढे होती उसाने भरलेली ट्रॉली. तिच्या मागे ताशी १५ किलोमीटरने जाताना मी घड्याळाकडे पाहत होतो. जन्मल्यानंतर बाळ श्वास घेत नसेल, तर पहिल्या साठ सेकंदांत फुप्फुसांत हवा पोचली पाहिजे. त्याला आपण सोनेरी मिनिट म्हणतो. ते मिनिट मी गाठू शकणार नव्हतो. ते आमच्या तरुण सहकारी डॉक्टरांनी आणि परिचारिकेने गाठले, वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या साध्या अम्बू बॅगने. मी पोचलो तेव्हा बाळ गुलाबी होते आणि रडत होते. पाचव्या मिनिटाचे गुण नऊ. मी कानटोपी हातात घेऊन उभा.

पेट्रोलवरच्या ७१८चे उत्पादन २०२५च्या ऑक्टोबरात थांबले. त्याच वर्षाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूनेही झेड-फोरची निरोपाची आवृत्ती जाहीर केली. सहा महिने ज्या दोघींत मी निवड करत बसलो, त्या दोघींचाही काळ संपला. आणखी दोन वर्षे विचार केला असता, तर निवडीचा प्रश्न आपोआप सुटला असता. आईही आता नाही. शेवटच्या हिवाळ्यात एकदा तिने हट्टाने त्या गाडीत बसून राजवाड्यापर्यंत चक्कर मारली होती. तिला आत बसवायला दोघे आणि बाहेर काढायला तिघे लागलो. "टांगाच बरा होता," असे म्हणत ती दोन दिवस खूश होती.

ते रिक्षाचालक मध्यंतरी मुलीला बूस्टरसाठी घेऊन आले. मुलगी आता शाळेत जाते आणि सुईला घाबरत नाही. त्यांनी आठवणीने विचारले, "साहब, वो गाड़ी ली थी क्या?"

"ली।"

"फिर बच्चा कहाँ बैठता है?"

"बच्चा बड़ी गाड़ी में। इसमें मैडम बैठती हैं।"

त्यांनी क्षणभर विचार केला, मान हलवली आणि म्हणाले, "तो ठीक है।"